हाताने लिहिलेली डॉकरफाईल कोणी बघितलीये का?

सध्या मुंबईतल्या डेव्हलपर मंडळींच्यात एक वाद जोरात आहे. मग ती अंधेरी-साकीनाक्याची सहा माणसांची एजन्सी असो नाहीतर ऐरोलीतली दहा मजली कंपनी, चहाच्या टपरीवर विषय तोच. एक गट म्हणतो, आता एक कमांड मारली की डॉकरफाईल (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका बंद पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, कसं बसवायचं ते डॉकर या टूलला सांगणारी फाईल) तयार, कंपोज फाईल (ॲप, डेटाबेस असे कंटेनर एकत्र चालवायची यादी) तयार, पाईपलाईन (कोड सर्व्हरवर आपोआप पाठवणारी साखळी) तयार, सर्टिफिकेटसकट सगळं सर्व्हरवर चढतं, मग हे शिकायचंच कशाला, वेळ घालवताय नुसता. दुसरा गट, बहुतेक दहा-बारा वर्षं घासलेले सीनियर, म्हणतो की पोरं आळशी झालीत, बटण दाबतात आणि डिप्लॉय झालं म्हणतात, आत काय चाललंय विचारलं की तोंडाकडे बघतात, आम्ही एकेक ओळ हाताने लिहून शिकलो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेब ॲप्लिकेशनचा कंटेनर सेटअप ऑटोमेट करायलाच पाहिजे, आणि तो वेळ वाचतो म्हणून नाही. तो ऑलरेडी ऑटोमेटेड आहे म्हणून. फक्त सध्या ते ऑटोमेशन कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही या दोन बटणांवर चालतं आणि त्याचा मालक कोणीच नाहीये.

खरं सांगा, कोऱ्या फाईलवर पहिल्या ओळीपासून डॉकरफाईल लिहिणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी बघितलात? असं होतच नाही हो. होतं काय, की मागच्या प्रोजेक्टचा फोल्डर उघडतात, तिथली फाईल उचलतात, पोर्ट बदलतात, नाव बदलतात, चाललं की सोडून देतात. त्या मागच्या प्रोजेक्टची फाईल त्याच्या मागच्याची. म्हणून तर पतपेढीच्या साध्या ठेवींच्या पोर्टलच्या इमेजमध्ये (डॉकरफाईलवरून बनलेल्या तयार साच्यात) इमेजमॅजिक हे फोटोचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालेलं सापडतं, जिथे एकही फोटो अपलोड होत नाही, कारण दोन प्रोजेक्ट आधी एक लग्नाच्या फोटोग्राफरची साईट होती. वरती मेंटेनर म्हणून ज्याचं नाव असतं तो माणूस कधीचाच कॅनडाला गेलेला असतो (आणि ती मेंटेनरची सूचना डॉकरनेच २०१७ पासून मोडीत काढलीये, पण कोण बघतंय). एखादी ओळ काढायला गेलात तर शेजारचा ओरडतो, अरे ती नको काढू, ती का आहे माहिती नाही पण काढली की फाटतं. याला हातकाम म्हणायचं? हे टेम्प्लेटच आहे. त्याला नाव नाही, आवृत्ती नाही, कोणी जबाबदार नाही, आणि मुख्य म्हणजे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी कधीच पोचत नाही. त्यामुळे "हाताने की ऑटोमॅटिक" हा प्रश्नच खोटा आहे. टेम्प्लेट उघड ठेवायचं की लपवून ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. कंटेनरचं तंत्र काही २०१३ ला आकाशातून पडलं नाही. चेरूट (chroot) १९७९ सालचं युनिक्समधलं, फ्रीबीएसडीचे जेल्स २००० चे, लिनक्सच्या कर्नेलमध्ये सीग्रुप्स २००८ ला आले. म्हणजे प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) वेगळ्या खोलीत कोंडायची सोय आधीपासून होती, पण ती वापरायला फार थोड्या लोकांना जमायचं. मार्च २०१३ मध्ये डॉकर आलं आणि त्याने नवीन काय केलं, तर तीच कटकट एका साध्या फाईलमध्ये आणि दोन-तीन कमांडमध्ये बसवली. म्हणजे डॉकर हेच मुळात सेटअपचं ऑटोमेशन आहे. आज जो सीनियर "एका कमांडवर चालणारं नको" म्हणतो तो स्वतः दिवसभर डॉकर रन मारत असतो, तेव्हा नेमस्पेस (प्रोसेसची ती वेगळी खोली) स्वतःच्या हाताने बनवत नाही. मग रेषा कुठे आखायची? तो जिथपर्यंत शिकला तिथे? हेरोकू या होस्टिंग कंपनीने २०११ मध्ये बिल्डपॅक आणले, कोड ढकला, भाषा ओळखून आम्ही बांधतो. रेल्स या वेब फ्रेमवर्कने ७.१ पासून, म्हणजे २०२३ पासून, नवीन ॲप बनवलं की डॉकरफाईल सोबतच द्यायला सुरुवात केली. खुद्द डॉकरवाल्यांनी त्याच वर्षी डॉकरफाईल बनवून देणारी डॉकर इनिट ही कमांड आणली. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनीच मान्य केलंय की या फाईलमधला बराचसा भाग प्रत्येक ॲपमध्ये तोच असतो. आपण मात्र ती कशी एकेक ओळ घडवायची यावर रविवारची मीटअप घालवतोय.

आता सीनियर मंडळींचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ, कारण तो खरंच जड आहे. ऑटोमेशन झाकतं. फ्रेशर मुलीला तुम्ही तयार सेटअप दिलात, तो सहा महिने व्यवस्थित चालला आणि मग एके दिवशी प्रत्येक डिप्लॉयच्या वेळी कस्टमरचे दोन-चार पेमेंट अर्धवट लटकायला लागले, तर ती काय करणार? कारण असं असतं बघा, की डॉकरफाईलमधली शेवटची चालवायची कमांड साध्या वाक्यासारखी लिहिली तर ती शेलमधून (कमांड चालवणाऱ्या मधल्या प्रोग्राममधून) चालते, कंटेनरमधली एक नंबरची प्रोसेस शेल बनतो, डॉकर थांबायचा सिग्नल पाठवतं तो शेलला मिळतो आणि शेल तो पुढे तुमच्या ॲपला देतच नाही. डॉकर बिचारं १० सेकंद वाट बघतं आणि मग थेट मुंडी पिरगाळतं. ॲपला कळतच नाही की आवरायचं होतं. तीच कमांड चौकटी कंसात तुकडे करून लिहिली की सिग्नल सरळ ॲपला जातो. फरक दोन कंसांचा, परिणाम पैशाचा. हे ज्याला माहिती नाही त्याने प्रॉडक्शनला हात लावू नये हे मला शंभर टक्के मान्य.

पण हे कळायला ती फाईल हाताने लिहावी लागते का? ज्यांनी हाताने "लिहिली", म्हणजे चिकटवली, त्यातल्या कितीजणांना हे माहिती आहे, जरा आपापल्या ऑफिसात विचारून बघा. लिहिण्याने शिकणं होतं हा आपल्या शाळेतला जुना समज आहे, शंभर वेळा शुद्धलेखन लिहा म्हणजे येईल. शिकणं होतं मोडण्याने. बरोबर चालणारा सेटअप हातात द्या आणि सांगा, आता हे कंस काढ, थांबव, घड्याळ लाव. कंपोजमध्ये डेटाबेसवर अवलंबून असल्याची ओळ आहे तरी ॲप आधी उठून का मरतं ते शोध (कारण ती ओळ फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट बघते, डेटाबेस तयार व्हायची नाही, त्याला हेल्थचेकची अट वेगळी घालावी लागते). बिल्डच्या वेळी पासवर्ड आर्ग्युमेंट म्हणून दे आणि मग इमेजची हिस्ट्री काढून बघ तो कसा लख्ख दिसतो. एवढं केलं तर दोन दुपारीत जे कळेल ते दोन वर्षं चिकटवून कळणार नाही. आणि मोडून बघायला आधी एक नीट चालणारी, सगळ्यांची सारखी गोष्ट लागते. ती ऑटोमेशनच देतं.

दुसरा जड मुद्दा असा की टेम्प्लेटमधली चूक चाळीस प्रोजेक्टमध्ये जाते. हाही खरा. आणि यातल्या चुका बारीक नसतात. उबुंटूच्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यूची फायरवॉल लावून माणूस निवांत झोपतो, पण डॉकर पब्लिश केलेले पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेटवर्क नियमांच्या यादीत, स्वतःचे नियम घालून उघडतं, ते यूएफडब्ल्यूला विचारतसुद्धा नाही. म्हणजे टेम्प्लेटवाल्याने कंपोजमध्ये डेटाबेसचा पोर्ट नुसता आकडा लिहून उघडला, पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त याच मशीनपुरतं) लावलं नाही, की अख्ख्या जगाला तुमच्या डेटाबेसचं दार दिसतं आणि फायरवॉलचं स्टेटस मात्र सांगतं सगळं बंद आहे. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागायचा प्रकार झाला होता, तो डॉकरमुळे नव्हता, पण उघड्या पोर्टचं काय होतं ते त्यातून कळतं. एका चुकीच्या ओळीने चाळीस क्लायंट असे उघडे पडले तर?

तर उलटंही विचारा ना. चिकटवाचिकटवीच्या जगात तीच चूक चाळीस ठिकाणी जातेच, फक्त कुठे कुठे गेली त्याची यादी कोणाकडे नसते. डॉकरचे लॉग बाय डिफॉल्ट जेसन फाईलमध्ये साठतात आणि त्याला काही मर्यादाच नसते, वाढत वाढत डिस्क भरते आणि मग नेमकी गणपतीत, बुकिंगच्या गर्दीत साईट बसते. एका सर्व्हरवर हे झालं, कोणीतरी रात्री येऊन लॉगचा मॅक्स साईज घातला, छान. बाकीचे? ते प्रत्येकी आपापल्या रात्रीची वाट बघत बसतात. टेम्प्लेट एका ठिकाणी असेल तर ती ओळ एकदा टाकायची आणि सगळीकडे पाठवायची. चूक पसरण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच आहे, दुरुस्ती पसरण्याचा वेग एकाच बाजूला आहे. आणि हाताने केलेल्या डिप्लॉयमेंटवर फारच प्रेम असेल तर नाईट कॅपिटलचं प्रकरण वाचा. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची बडी कंपनी, ८ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, माणसाने ७ वर टाकला, एक राहिला, दुसऱ्या कोणी तपासलं नाही. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. तो माणूस अडाणी नव्हता. आठवी गोष्ट विसरणं हा माणसाचा स्वभाव आहे, त्याच्यावर लेक्चर देऊन तो बदलत नाही.

तिसरा मुद्दा मीटअपमध्ये कोणी उघड बोलत नाही, पण खाली तोच धुमसतोय. नोकऱ्या. सेटअप कमांडने होणार तर आम्ही काय करायचं? इथे मुंबईच्या माणसाने तरी कंटेनर हा शब्द ऐकून जरा थांबायला पाहिजे. २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याची कल्पना. पेटी ही काही मोठी अक्कल नव्हती, पेट्या आधीपण होत्या. खरी भानगड पुढची बारा-पंधरा वर्षं चालली, की पेटीची लांबी किती, कोपऱ्यातली कडी कशी, क्रेन कुठे पकडणार. १९६० च्या दशकात शेवटी आयएसओचं स्टँडर्ड ठरलं, मॅक्लीनच्या कंपनीने कोपऱ्याच्या कडीचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं केलं, आणि तेव्हा कुठे कोणाचीही पेटी कोणाच्याही जहाजावर बसायला लागली. न्हावा शेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं आणि मुंबईचा कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेला. पाठीवर गोणी वाहणाऱ्या गोदी कामगाराची गरज पेटीने संपवली, यात काही गोड बोलण्यासारखं नाही.

पण त्या काळातलं शहाणपण कशात होतं? हुकाने गोणी ओढायची कला टिकवण्यात नव्हतं. गोदी कामगारांसाठी १९४८ चा रोजगार नियमनाचा कायदा होता, माथाडींसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा कायदा मिळवला, बोर्ड आले, नोंदणी आली, मजुरीचा हिशोब आला. भांडण कामाच्या अटींवर होतं, हातगाडीच्या चाकावर नव्हतं. बँकांतही तेच, काँप्युटर येऊ देणार नाही म्हणून युनियननी दणदणीत विरोध केला, १९८३ ला करार झाला, १९८४ ला रंगराजन समितीचा अहवाल आला, किती मशीन, कुठे, कसं ट्रेनिंग, यावर बोलणी झाली. आमच्या धंद्यात मात्र रात्री अकराला "जरा सर्व्हरवर चढवून दे ना" म्हणणाऱ्या सरांना ओव्हरटाईम विचारायची कोणाची टाप नाही, आणि आम्ही भांडतोय डॉकरफाईल कोणी लिहायची यावर! ज्या पोराला शेवटची कर्जत पकडायचीये त्याला हातकामाची थोरवी सांगणं मला तर क्रूरपणा वाटतो. नोकरीची भीती खरी आहे, पण ती फाईल हाताने लिहून ती टळणार नाही.

"आमच्याकडे ते फक्त दादालाच माहितीये" हे वाक्य तर प्रत्येक छोट्या ऑफिसात ऐकू येतं. दादा रजेवर गावी गेला की कोकण रेल्वेत रेंज नसते आणि इकडे क्लायंट फोनवर. हाताने केलेल्या सेटअपचा फायदा जर कोणाला होत असेल तर त्या दादाला, तोही थोडे दिवस, कारण मग त्याला आयुष्यात धड सुट्टी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र ऑटोमेशनवाल्यांना सुनवायलाच हवी. प्रत्येक गोष्ट कंटेनरमध्ये कोंबायची काय हौस आहे? हाउसिंग सोसायटीच्या नोटीस लावायच्या पाच पानांच्या साईटला कुबरनेटीज, म्हणजे ढीगभर कंटेनर सांभाळायचं अवजड टूल? शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी टाका आणि घरी जा. सेटअप सोपा झाला म्हणून सेटअपची गरज निर्माण होत नाही. शंभर रुपयांचं काम हजार रुपयांच्या सर्व्हरवर चालवून वर "एका कमांडमध्ये झालं" म्हणून पोस्ट टाकणारे लोकच या विषयाचं नाव खराब करतात.

आणि ऑटोमेशन म्हणजे माझ्या डोळ्यासमोर कुठलं तेही स्पष्ट करतो, कारण सगळीच सारखी नसतात. जे टूल कमांड मारल्यावर साध्या वाचता येणाऱ्या फाइली माझ्या रिपोझिटरीत (प्रोजेक्टचा कोड असतो तिथे) ठेवतं आणि बाजूला होतं ते चांगलं. जे टूल सगळं आपल्या पोटात ठेवतं, बाहेर फक्त हिरवा टिक दाखवतं, ते मी घेणार नाही, कितीही सोपं असलं तरी. घरातली सगळी वायरिंग प्रत्येकाला कळायला नको, पण मेन स्विच कुठे आहे आणि तो कपाटामागे झाकलेला नाही ना एवढं तरी घरच्यांना माहिती पाहिजे. तयार फाइली रिपोत असल्या की त्यांचा रिव्ह्यू होतो, बदल दिसतो, उद्या ते टूल बंद पडलं तरी ॲप उभं राहतं. बिल्डपॅकवाल्या मंडळींचं यावर उत्तर आहे की फाईलच नसेल तर बिघडणार काय, आणि खालचा बेस आम्ही परस्पर बदलून देतो. दहा-वीस टीम असलेल्या मोठ्या कंपनीत हे पटण्यासारखं आहे, तिथे ते टूल सांभाळायला वेगळी माणसं असतात. सहा माणसांच्या ऑफिसात बिघडल्यावर बघणारा तुम्हीच असता, आणि तेव्हा बघायला फाईल लागते.

दुसरं म्हणजे ऑटोमेशनने डेटाच्या दारात थांबावं. ॲप परत बांधता येतं, लोकांच्या पावत्या परत बांधता येत नाहीत. कंपोज डाऊन करताना शेवटी एक छोटा व्ही जास्तीचा लागला तर व्हॉल्यूम (डेटा साठवायच्या जागा) गेले, डेटाबेस गेला, विचारत नाही ते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या कोड साठवणाऱ्या कंपनीत, जिथे सगळे याच धंद्यातले, एका थकलेल्या इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली आणि मग कळलं की ऑटोमॅटिक बॅकअप कधीपासून होतच नव्हते, आवृत्तीचा घोळ होता आणि तो सांगणाऱ्या ईमेलसुद्धा पोचत नव्हत्या. सहा तास जुन्या एका स्नॅपशॉटवर निभावलं. सीनियर लोक हे उदाहरण ऑटोमेशनच्या विरोधात देतात. पण बॅकअप ऑटोमॅटिक होता ही तिथली चूक नव्हतीच, तो परत चढवून कोणी बघितला नव्हता ही होती. सेटअपची कमांड बॅकअपचा जॉब लावून देऊ शकते, लावून द्यावा. पण महिन्यातून एकदा तो रिकाम्या सर्व्हरवर चढवून, समोर बसून, शेवटची नोंद कालचीच आहे ना हे माणसानेच बघायचं.

मग एवढं सगळं असून एजन्सीवाले मालक अजून का अडून बसलेत? माझा अंदाज सांगतो, कोणाला झोंबला तर झोंबू दे. कोटेशनमध्ये एक ओळ असते, "सर्व्हर सेटअप व डिप्लॉयमेंट, एकरकमी". ती ओळ प्रत्येक क्लायंटला लागते आणि त्यात चांगले पैसे असतात. काम अर्ध्या तासाचं झालं हे क्लायंटला कळलं तर? म्हणून हातकामाची थोरवी. अहो, पण खरं काम त्या दिवशी संपतच नाही ना. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १६ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ ला संपला, १८ चा एप्रिल २०२५ ला, पीएचपी ७.४ चा तर २०२२ लाच. डेबियन या लिनक्सची जुनी आवृत्ती मुख्य सर्व्हरवरून काढून आर्काइव्हमध्ये टाकतात आणि मग दोन वर्षं न हललेली डॉकरफाईल बिल्ड करायला घेतली की पॅकेज सापडत नाही म्हणून ४०४ येतो, तोही नेमका तातडीचा पॅच टाकायच्या दिवशी. हे बघणं, बेस इमेज (ज्या तयार साच्यावर ॲप बांधतात ती) नव्या आवृत्तीवर नेणं, टेस्ट चालवणं, चाळीसही साईट्सवर पाठवणं, याचे पैसे आज कोणी लावत नाही, कारण हाताने ते चाळीस ठिकाणी करणं परवडतच नाही, म्हणून कोणी करतही नाही. एकच टेम्प्लेट असेल तर ते करता येतं आणि वर्षाचे पैसे लावून विकताही येतं. एकरकमी ओळ खोडा, तिथे वार्षिक देखभाल लिहा. क्लायंट कटकट करेल, घासाघीस करेल, पण लिफ्टचा एएमसी तो दरवर्षी गपचूप भरतोच की.